लिलिएंटालच्या ग्लायडरची प्रतिकृती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑटो लिलिएंटालचा ग्लायडर, म्हणजे इंजिनाशिवाय हवेत तरंगत जाणारे पंखांचे यंत्र, कुणी चित्रात पाहतो, कुणी परदेशातल्या संग्रहालयात त्याची प्रतिकृती पाहून येतो, कुणाच्या मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी तोच हवा असतो. मग प्रश्न येतात, आणि बरेचदा तेच तेच येतात. म्हणून ते एकत्र करून इथे उत्तरे लिहिली आहेत. साधे प्रश्न आधी आहेत, गुंत्याचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लिलिएंटाल कोण होता? आणि सगळे त्याच्याच ग्लायडरची प्रतिकृती का करतात?

ऑटो लिलिएंटालचा जन्म २३ मे १८४८ रोजी आंक्लाम या उत्तर जर्मनीतल्या लहान गावात झाला. शिक्षणाने तो यंत्र अभियंता होता. बर्लिनमध्ये वाफेची इंजिने आणि बॉयलर बनवणारा त्याचा स्वतःचा कारखाना होता आणि पोटापाण्याचा व्यवसाय तोच होता. उडण्याचे वेड मात्र लहानपणापासूनचे, आणि त्यात धाकटा भाऊ गुस्ताव बरोबरीने सामील. दोघांनी वर्षानुवर्षे पांढऱ्या करकोच्यांचे उडणे न्याहाळले आणि निरनिराळ्या आकाराच्या पृष्ठभागांवर हवा किती जोर लावते हे मोजले. ते सगळे काम १८८९ मध्ये पुस्तकरूपाने आले. हाच करकोचा हिवाळ्यात महाराष्ट्रातही येतो.

१८९१ पासून त्याने प्रत्यक्ष उड्या घ्यायला सुरुवात केली आणि १८९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत दोन हजारांहून जास्त वेळा तो हवेत गेला. त्याच्या आधीही माणसे हवेत गेली होती (प्रश्न १४ पाहा). पण पुन्हा पुन्हा, ठरवून, मोजून आणि छायाचित्रे काढून घेत उडणारा तो पहिला. मापे, आराखडे, छायाचित्रे आणि मूळ ग्लायडर अशा चारही गोष्टी मागे राहिल्या, म्हणूनच त्याची प्रतिकृती अंदाजाने नव्हे, पुराव्याने करता येते.

२. नेमका कोणता ग्लायडर? त्याची मापे काय होती?

लिलिएंटालने एक पंखी, दुहेरी पंखांचे, लहान, मोठे असे अनेक नमुने केले. प्रतिकृती म्हटले की बहुतेकदा १८९३–९४ मध्ये आकाराला आलेला एकपंखी 'नॉर्मालजेगेलआपाराट' अभिप्रेत असतो. तो त्याचा नेहमीचा, विक्रीसाठी ठेवलेला नमुना.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंख ६.७ मीटर. पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस मीटर. वजन अवघे २० किलोच्या आसपास. दोन्ही पंखांतल्या काड्या मधल्या चौकटीपासून बाहेर पसरत जातात, वटवाघळाच्या पंखातल्या हाडांप्रमाणे. मागे उभी शेपटी आणि तिच्यावर आडवी शेपटी. पंख छत्रीसारखे मिटत, त्यामुळे ग्लायडर घरात ठेवता येई आणि टेकडीपर्यंत वाहून नेता येई.

त्याची किंमत होती ५०० मार्क. किमान ९ ग्राहकांनी तो घेतल्याचे ठाऊक आहे. मॉस्कोचे उड्डाणशास्त्राचे अभ्यासक निकोलाय झुकोव्हस्की, अमेरिकेतले वृत्तपत्रमालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट, इंग्लंडचा पर्सी पिल्चर ही त्यातली काही नावे. एकाच आराखड्यावरून पुन्हा पुन्हा बनवून विकलेले हे जगातले पहिले उडते यंत्र.

३. मूळ ग्लायडर शिल्लक आहेत का? असतील तर प्रतिकृती कशाला हवी?

आहेत. लंडनचे सायन्स म्युझियम, म्युनिकचे डॉइचेस म्युझियम, वॉशिंग्टनचे राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालय आणि मॉस्कोतले झुकोव्हस्की यांच्या नावाचे संग्रहालय इथे मूळ ग्लायडर जपलेले आहेत. वॉशिंग्टनचा तोच, जो हर्स्टने विकत घेतला होता. १९०६ पासून तो स्मिथसोनियन संस्थेकडे आहे.

पण सव्वाशे वर्षांपूर्वीचे सुती कापड आणि सुकलेल्या काड्या घेऊन कुणी टेकडीवरून धावत सुटणार नाही, धावूही नये. मूळ वस्तूला हात लावणेसुद्धा जोखमीचे असते. तिच्यावर वारा सोडून, वजन टांगून, ती किती वाकते हे बघण्याचा प्रश्नच येत नाही. हे सगळे प्रतिकृतीवर करता येते. शिवाय जपलेल्या वस्तूंची वेळोवेळी डागडुजी झालेली असते, काही भाग बदललेले असतात. आज काचेमागे दिसणारा ताण आणि आकार १८९४ मधलाच आहे असे धरून चालता येत नाही. नव्याने, जुन्या पद्धतीने केलेली प्रतिकृती काही बाबतींत मूळ स्थितीच्या जास्त जवळ असते. हे ऐकायला विचित्र वाटते, पण खरे आहे.

४. प्रतिकृती कशाच्या आधारावर करतात?

चार गोष्टींच्या. पहिली म्हणजे शिल्लक राहिलेले मूळ ग्लायडर. दुसरी पेटंट: जर्मनीत १८९३ मध्ये अर्ज केलेले क्रमांक ७७९१६ चे आणि अमेरिकेत १८९५ मध्ये मिळालेले क्रमांक ५४४८१६ चे. दोन्हींतली रेखाचित्रे आज कुणालाही पाहता येतात आणि पंख मिटण्याची रचना त्यांत नीट उलगडते. तिसरी गोष्ट लिलिएंटालचे स्वतःचे लेख.

चौथी गोष्ट छायाचित्रे, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची तीच. त्याच्या उड्डाणांची शंभराहून अधिक छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्यांतली काही ओटोमार आन्शुट्झची. झपाट्याने हलणारी वस्तू टिपण्यात हा माणूस त्या काळी अग्रेसर होता. आराखड्यात पंख जसा काढलेला असतो तसा तो हवेत राहत नाही. कापड फुगते, काड्या वाकतात, टोके वर उचलली जातात. भार आल्यावर पंखाचा आकार कसा झाला होता हे फक्त छायाचित्रातच कळते. प्रतिकृती करणारे कारागीर म्हणूनच भिंग घेऊन ही चित्रे पाहत बसतात.

५. लाकूड आणि कापड कोणते वापरले होते? आपल्याकडचा बांबू चालेल का?

मुख्य सामान विलोचे फोक, काही ठिकाणी बांबू, ताणायला तारा आणि दोऱ्या, वरून घट्ट विणीचे सुती कापड. विलो म्हटले की आपल्याला क्रिकेटची बॅट आठवते, पण ती खोडाच्या लाकडाची असते. इथे वापरलेले म्हणजे टोपल्या विणायला घेतात तसले साल सोललेले सरळ फोक. ते हलके असतात, वाकतात, आणि मोडतात तेव्हा एकदम दोन तुकडे न होता तंतू तंतू सुटत मोडतात. माणूस टांगलेला असताना हा गुण फार महत्त्वाचा.

आपला बांबू ताकदीला कमी नाही. पूर्ण मापाच्या शोभेच्या प्रतिकृतीला कोकणातला माणगा बांबू चांगला चालेल, कारण तो जवळपास भरीव आणि सरळ असतो. पण भरीव म्हणजे वजनदार. २० किलोची मर्यादा पाळायची तर चिरून, तासून घ्यावा लागेल. आणि मग तो किती वाकतो ते मूळ विलोसारखे राहणार नाही. शोभेसाठी ठीक. मोजमापासाठी केलेल्या प्रतिकृतीत अशी अदलाबदल करू नये.

कापडाबाबत लोक फार बेफिकीर असतात. कापडातून हवा किती आरपार जाते यावर पंखाची उचल, म्हणजे त्याला वर धरणारा हवेचा जोर, ठरते. सैल विणीचे कापड घातले तर पंखाखालची हवा वर झिरपते आणि उचल घटते. प्लॅस्टिकचा थर दिलेले कापड घातले तर उलट होते. ग्लायडर मुळापेक्षा सरस उडतो आणि मोजमाप खोटे ठरते. जर्मनीतल्या संशोधनासाठी जी प्रतिकृती झाली (प्रश्न ८), तिच्यासाठी जुन्या कापडाचा अभ्यास करून तसेच कापड मुद्दाम विणून घेतले गेले.

६. पंख पक्ष्यासारखे फडफडायचे का?

या ग्लायडरचे नाही. ते स्थिर होते. गैरसमज होतो तो अशामुळे की लिलिएंटालने वेगळे, फडफडत्या टोकांचे यंत्रही केले होते आणि त्याला कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालणारे छोटे इंजिन जोडायचा प्रयत्न केला होता. पुढे जाण्यासाठी लागणारा जोर पक्षी पंखांच्या टोकांनी मिळवतात हे त्याचे निरीक्षण बरोबर होते. पण त्या यंत्राने इंजिनाच्या जोरावर उड्डाण केले नाही.

७. माणूस बसायचा कुठे? वळायचा कसा?

बसायचा नाही, लटकायचा. मधल्या चौकटीत दोन्ही हात कोपरापर्यंत अडकवायचे, आडवा दांडा मुठीत धरायचा आणि उतारावरून वाऱ्याच्या दिशेने तोंड करून धावायचे. पाय सुटले की छातीपासून खालचे सगळे शरीर मोकळे. पाय पुढे टाकले की ग्लायडरचे नाक खाली जाते, मागे टाकले की वर येते. डावीकडे झुलवले की डावा पंख खाली. सुकाणू, तारा, कळ असे काही नव्हते; शरीराचे वजन हेच एकमेव साधन.

आजच्या हँग ग्लायडरमध्येही वजन सरकवूनच वळतात, पण तिथे चालक पट्ट्यांनी एका बिंदूला टांगलेला असतो आणि समोरचा दांडा ढकलून सबंध शरीर इकडून तिकडे नेऊ शकतो. लिलिएंटालचे खांदे आणि हात चौकटीत अडकलेले असत, हलायचे फक्त पाय आणि कंबर. म्हणजे हातात असलेला ताबा बराच तोकडा. छायाचित्रांत तो पाय ताणून हवेत फेकताना दिसतो, ती त्याची सगळी शक्ती लावून चाललेली धडपड असते.

आणखी एक बारकावा. मागची आडवी शेपटी बिजागरीवर होती आणि वरच्या बाजूला आपोआप उचलली जाई, त्यामुळे उतरताना नाक एकदम वर करून वेग मारता येत असे. पुष्कळ प्रतिकृतींत ही शेपटी पक्की ठोकलेली दिसते. ती चूक आहे.

८. पवन बोगद्यात प्रतिकृती तपासली होती म्हणतात. काय निघाले?

जर्मनीच्या हवाई आणि अंतराळ केंद्राच्या ग्योटिंगेन इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे काम केले. आंक्लामच्या ऑटो लिलिएंटाल संग्रहालयाने जुन्या पद्धतीने पूर्ण मापाची प्रतिकृती बनवली. नेदरलँड्समधल्या मार्कनेसे इथल्या मोठ्या पवन बोगद्यात ती बसवून वेगवेगळ्या कोनांत वारा सोडला आणि तिच्यावर पडणारे जोर मोजले.

त्यातून जे समोर आले त्याने लिलिएंटालची प्रतिमाच बदलली. तो धाडसी होता, पण त्याचे यंत्र कच्चे होते आणि म्हणून तो गेला, असे शंभर वर्षे सर्रास लिहिले जात होते. मोजमाप सांगते की नेहमीच्या उड्डाणाच्या मर्यादेत हा ग्लायडर पुढेमागे आणि दोन्ही बाजूंना स्वतःच तोल सावरणारा होता. नाक थोडे वर गेले की ते आपोआप खाली येऊ पाहणार, एक पंख कलला की तो सरळ होऊ पाहणार. रचनेतल्या दोषाने अपघात झाला असे या तपासणीत आढळले नाही. मग का झाला, ते प्रश्न ११ मध्ये.

मला या प्रयोगाचे अप्रूप वाटते ते एका कारणाने. जुन्या माणसाच्या कामाबद्दल मत देण्याआधी ते काम पुन्हा उभे करून मोजावे, एवढी तसदी फार कमी जण घेतात.

९. प्रतिकृती प्रत्यक्ष कुणी उडवली आहे का?

हो. पवन बोगद्यानंतर त्याच केंद्राचे संशोधक मार्कुस राफेल यांनी प्रतिकृती स्वतः उडवून पाहिली आणि ग्लायडर हाताळायला कसा आहे याची नोंद केली. पवन बोगदा जोर मोजतो; पण वाऱ्याची झुळूक आली की पाय किती लवकर हलवावे लागतात, दंड किती दुखतात, उतरताना किती धावावे लागते, हे टेकडीवरच कळते. ही उड्डाणे जमिनीलगत, मोकळ्या जागी आणि आजची सुरक्षा साधने घेऊन करतात. लिलिएंटालने दाखवलेली उंची गाठणे हा त्यांचा हेतू नसतो.

१०. तो किती लांब उडायचा? आजच्या ग्लायडरशी तुलना केली तर?

१८९१ मध्ये डेरवित्स गावाजवळच्या पहिल्या उड्या २५ मीटरपर्यंतच्या. पुढे रिनोच्या टेकड्यांवर २५० मीटरपर्यंत. १८९४ मध्ये त्याने बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड इथे १५ मीटर उंचीची टेकडी स्वतः उभारली. ती सगळीकडून सारखी उतरती केली होती, म्हणजे वारा कुठूनही असो, त्याला तोंड करून धावता यावे. माथ्यावर ग्लायडर ठेवायची खोली.

एक मीटर खाली येताना किती मीटर पुढे जातो हे माप धरले, तर हा ग्लायडर चारच्या आसपास भरतो. आजचे चांगले स्पर्धेचे ग्लायडर चाळीसच्या पुढे असतात. पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावरून उडणारे साधे ग्लायडरही याच्या कितीतरी पुढे. पण तिथे चालक बंद कक्षात असतो, इथे सबंध माणूस वाऱ्यात लोंबत असतो आणि तारा, काड्या सगळे उघडे. त्याचाच विरोध एवढा, की चार हा आकडा मला चांगलाच वाटतो.

वेगाचाही हिशेब करून पाहता येतो. ८० किलोचा माणूस आणि २० किलोचा ग्लायडर, म्हणजे १०० किलो वजन १३ चौरस मीटरवर. एवढ्या भाराला हवेत टिकायला ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग लागतो. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरून धावताना उरलेला २० चाच वेग पुरतो, आणि तो माणसाला पळत गाठता येतो. वाऱ्याकडे तोंड करून उडी घेण्याचे कारण हेच.

११. ग्लायडर चांगला होता तर मग तो पडला कसा?

९ ऑगस्ट १८९६, रविवार. श्टोल्न गावाजवळची गोलेनबर्ग टेकडी. ऊन होते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवेचा झोत उठतो. तसा झोत आला, ग्लायडरचे नाक वर झाले आणि तो हवेत जवळजवळ थांबला. त्याने पाय पुढे झोकून देऊन तोल सावरायचा प्रयत्न केला. ग्लायडर सुमारे १५ मीटरवरून खाली आला. त्याच्या मानेचा मणका मोडला. दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, बर्लिनमधल्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. वय ४८.

प्रश्न ८ मध्ये 'नेहमीच्या मर्यादेत' असे लिहिले आहे, ते शब्द इथे महत्त्वाचे. पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वरच्या बाजूची हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते, आणि उचल कोसळते. ही अवस्था कोणत्याही पंखाला येते, आजच्या विमानालाही. फरक एवढाच, की त्यातून बाहेर पडायला नाक झपाट्याने खाली घालावे लागते आणि त्यासाठी पुरेशी उंची व जोरदार नियंत्रण लागते. लिलिएंटालकडे १५ मीटर होते आणि स्वतःचे दोन पाय.

१८९४ मध्येही तो असाच पडला होता. तेव्हा पुढे लावलेल्या विलोच्या कमानीने धक्का सोसला आणि तो वाचला. ही कमान काही प्रतिकृतींत दिसते, काहींत नाही. दोन्ही रूपांना छायाचित्रांचा आधार आहे.

१२. "बलिदान द्यावेच लागते" हे त्याचे शेवटचे शब्द ना?

बर्लिनच्या लांकविट्स दफनभूमीत त्याच्या थडग्यावर या अर्थाचे जर्मन वाक्य कोरलेले आहे, पण ते नंतरच्या काळातले. मरताना तो हेच बोलला याला भरवशाचा आधार नाही. फलकावर काय लिहावे असे विचारणाऱ्या शाळांना मी सांगतो, हे वाक्य घेऊ नका. त्याऐवजी लिहा की कारखान्याच्या नफ्यातला २५ टक्के वाटा तो कामगारांना देत असे. ते पक्के आहे आणि माणूस कसा होता हे त्यातून जास्त कळते.

१३. राइट बंधूंनी त्याचे आकडे चुकीचे ठरवले, असे वाचले. खरे आहे का?

अर्धेच. राइट बंधूंनी १९०० आणि १९०१ चे ग्लायडर लिलिएंटालच्या तक्त्यातले, म्हणजे पंखाला कोणत्या कोनात किती उचल मिळते याचे, आकडे घेऊन बनवले. त्यांना अपेक्षेपेक्षा बरीच कमी उचल मिळाली आणि प्रथम त्यांनाही तक्त्याचीच शंका आली. मग १९०१ च्या हिवाळ्यात ओहायोतल्या डेटन इथे त्यांनी स्वतःचा छोटा पवन बोगदा केला आणि दोनशेच्या आसपास पंखांचे नमुने तपासले.

तेव्हा दिसले की गडबड मुख्यतः दुसरीकडे होती. हवेच्या दाबाचा हिशेब करताना सगळे जण अठराव्या शतकापासून चालत आलेला ०.००५ हा गुणक वापरत. राइट बंधूंना तो ०.००३३ च्या जवळ आढळला. शिवाय लिलिएंटालचा तक्ता त्याने मोजलेल्या ठरावीक आकाराच्या, १/१२ फुगीर (म्हणजे कमानीची उंची पंखाच्या रुंदीच्या बाराव्या भागाएवढी) पंखाचा होता. राइट बंधूंचे पंख वेगळ्या आकाराचे आणि कमी फुगीर होते. एका पंखाचे आकडे दुसऱ्याला लावले तर चुकणारच. लिलिएंटालच्या पंखासाठी त्याचे आकडे बऱ्यापैकी बरोबर होते. विल्बर राइटने पुढे त्याला आपल्या पूर्वसूरींमध्ये सर्वांत वरचे स्थान दिले. तो लेख विल्बरच्या मृत्यूनंतर, १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

१४. त्याच्या आधी कुणी ग्लायडर उडवला नव्हता का? त्यांच्याही प्रतिकृती आहेत?

इंग्लंडच्या यॉर्कशरमध्ये सर जॉर्ज केली यांनी १८५३ मध्ये आपल्या ग्लायडरमधून एका नोकराला ब्रॉम्पटनच्या दरीपलीकडे पाठवले होते. पंख स्थिर, शेपटी वेगळी, ही विमानाची मूळ मांडणी केलींचीच. त्या ग्लायडरची प्रतिकृती १९७३ मध्ये डेरेक पिगट या नामांकित ग्लायडर चालकाने उडवली. मूळ वस्तू मात्र उरलेली नाही, त्यामुळे ती प्रतिकृती रेखाटनांवरूनच करावी लागली.

लिलिएंटालनंतरचा पर्सी पिल्चर १८९९ मध्ये आपल्या 'हॉक' ग्लायडरमधून पडून गेला. इंजिन लावायचे तीन पंखी विमान तेव्हा त्याने तयार करत आणले होते. इंग्लंडच्या क्रॅनफील्ड विद्यापीठात २००३ मध्ये त्याची प्रतिकृती केली आणि ती १ मिनिट २६ सेकंद हवेत राहिली. यावरून 'पिल्चर जगला असता तर राइट बंधूंच्या आधी उडाला असता' असे ठामपणे लिहिणारे बरेच आहेत. पण त्या प्रतिकृतीत सुरक्षेसाठी पंख पिळण्याची राइट बंधूंची युक्ती घातलेली होती, हे विसरू नये.

१५. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्येच चौपाटीवर विमान उडवले होते. त्याची प्रतिकृती का करत नाही?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो आपुलकीने विचारलेला असतो, म्हणून उत्तर सरळ देतो. तळपदे मुंबईचे, विमानविद्येचा ध्यास घेतलेले गृहस्थ होते. त्या ध्यासाबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या यंत्राचे मापांसह आराखडे नाहीत, उड्डाणाचे छायाचित्र नाही, यंत्राचा एकही भाग नाही. प्रश्न ४ मधल्या चारपैकी एकही आधार हाती नसताना जे बनेल ते आपल्या कल्पनेतले यंत्र असेल, तळपद्यांचे नव्हे. प्राचीन विमानविद्येचा म्हणून जो ग्रंथ पुढे केला जातो तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला असल्याचा आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत असा त्यांचा निष्कर्ष होता.

१६. शाळेसाठी छोटे मॉडेल करायचे आहे. कसे करू?

दशांश माप घ्या: पंख टोकापासून टोकापर्यंत ६७ सेंटिमीटर. आकाशकंदिलाच्या किंवा पतंगाच्या कामट्या तासून बारीक करा. मधल्या चौकटीपासून त्या पसरत न्या आणि मेणबत्तीच्या धगीवर धरून किंचित कमानदार करा. धगीचे काम मोठ्या माणसाच्या हातून होऊ द्या. वर पतंगाचा कागद. पंखांची टोके थोडी वर ठेवा, म्हणजे ते कलंडणार नाही. चिकणमातीचा माणूस मध्ये टांगा.

खरी मेख तोल साधण्यात आहे. मातीचा माणूस पाय हलवणार नाही, म्हणून तोल तुम्हालाच आधी साधून द्यावा लागतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक तृतीयांश अंतरावर बोटे धरून मॉडेल सपाट राहते का पाहा. नाक वर करून घुटमळत असेल तर माणूस थोडा पुढे सरकवा. सूर मारत असेल तर मागे. सगळे मिळून वजन १०० ग्रॅमच्या आत ठेवा. प्रमाणात तेवढेच येते (खरे १०० किलो, लांबी-रुंदी-उंची तिन्ही दहापट कमी). त्या वजनाला ताशी सुमारे १३ किलोमीटर वेग पुरतो, म्हणजे हळूच पुढे लोटले तरी जाईल. जोरात फेकू नका.

१७. पूर्ण मापाचा करून कामशेत किंवा पाचगणीला उडवला तर?

नको. तिथे पॅराग्लायडर उडतात म्हणून हाही उडेल असे नाही. पॅराग्लायडर कारखान्यात तपासून आलेला असतो, चालक शिकलेला असतो आणि सह्याद्रीच्या कड्यावर दुपारी उठणारे झोत कसे ओळखायचे हे त्याला शिकवलेले असते. ज्या झोताने लिलिएंटालला पाडले (प्रश्न ११) तसले झोत आपल्याकडे त्याहून बळकट असतात. दोन हजार उड्यांचा अनुभव असलेला माणूस त्यातून सावरू शकला नाही. उडायची ओढ असेल तर आधी मान्यताप्राप्त प्रशिक्षण घ्या, आणि प्रतिकृती दिवाणखान्यात किंवा शाळेच्या सभागृहात टांगा.

१८. जर्मनीत जाणार आहोत. कुठे कुठे पाहावे?

वेळ थोडा असेल तर आंक्लामचे संग्रहालय. त्याच्या जवळपास सगळ्या ग्लायडरांच्या प्रतिकृती तिथे एकत्र पाहता येतात, आणि एकामागून एक पाहिल्यावर त्याचा विचार कसा पुढे सरकला ते डोळ्यांना दिसते. म्युनिकला मूळ ग्लायडर आहे. बर्लिनच्या लिश्टरफेल्डमधली त्याची टेकडी आता बाग आणि स्मारक आहे, १९३२ पासून.

श्टोल्नला मात्र जमल्यास जाच. तिथे गवतात एक इल्यूशिन-६२ प्रवासी विमान उभे आहे. पूर्व जर्मनीच्या विमान कंपनीने ते २३ ऑक्टोबर १९८९ रोजी जेमतेम ९०० मीटरच्या गवती पट्टीवर उतरवले आणि लिलिएंटालच्या स्मृतीसाठी तिथेच ठेवून दिले. त्याचे नाव 'लेडी आग्नेस', लिलिएंटालच्या पत्नीचे. चार इंजिनांचे ते धूड आणि त्यामागची ती टेकडी एका नजरेत येतात.

१९. समोरची प्रतिकृती नीट केलेली आहे की नुसती शोभेची, हे कसे ओळखावे?

आधी शेपटी पाहा. आडवी शेपटी बिजागरीवर वर उचलता येत असेल (प्रश्न ७), तर करणाऱ्याने पेटंट वाचलेले आहे. मग मधल्या चौकटीकडे जा आणि काड्या तिथे कशा बसवल्या आहेत ते पाहा. त्या खोबणीतून फिरून पंख मिटायला हवेत. खिळे ठोकून किंवा गोंद लावून पक्क्या केल्या असतील, तर ती फक्त टांगून ठेवायची वस्तू. कापडाला नायलॉनची चमक नको. काड्या एकसारख्या जाडीच्या नसाव्यात, मुळाकडे जाड आणि टोकाकडे निमुळत्या असाव्यात, कारण झाडाचा फोक तसाच असतो. यंत्रावर कातलेल्या गोल सारख्या दांड्या दिसल्या तर घाई झालेली आहे.

सुरक्षेसाठी लपवून घातलेल्या पोलादी तारा किंवा आधुनिक गोंद असेल, तर त्यावरून लगेच नाके मुरडू नका. माणूस खाली टांगायचा असेल तर ते करावेच लागते. प्रामाणिक कारागीर कुठे काय बदलले याची नोंद फलकावर किंवा कागदपत्रांत ठेवतो. ती नोंद मागा. संग्रहालयातल्या माणसांना असे विचारलेले आवडते, आणि पुष्कळदा ते दोरी ओलांडून आत नेऊन दाखवतातही.